शुद्धलेखन, इयत्ता चौथी

लासनापूरच्या शाळेत नळाला खारं पाणी येतं.
ओल्या फडक्यानं फळा पुसला
की वाळल्यावर कालचा धडा पांढरा उमटतो,
आजच्याखाली.
मी तिथं मराठी शिकवते.
कुणाला, असं विचारलं तर सांगायला वेळ लागतो.

सतरा पोरं मराठीतच जन्मलेली,
मराठीत भांडणारी, मराठीत गोट्या हरणारी,
आणि मार्क जातात तेही मराठीतच.
अठरावा हर्षल खंडारे. या जूनमध्ये सुरतेहून आला,
बापाचा लूम बंद पडला म्हणून.
तिसरीपर्यंत गुजराती शाळा.
मराठी त्याला येते, पण घरापुरती:
जेवायला हाक मारण्याइतकी,
दिवा मालवल्यावर मायबाप जे कुजबुजतात
ते झोपेचं सोंग घेऊन ऐकण्याइतकी.

त्याच्या अक्षरांवर रेघ नसते.
वहीभर सगळी उघड्यावर उभी.
पोरं म्हणाली, बिनटिनाचं घर हाये याचं.
मी म्हटलं, हर्षल, वरची रेघ?
"आमच्या तिकडे नाई देत, मॅडम."
आमच्या तिकडे.
नऊ वर्षांचा आहे तो.

सोमवारी श्रुतलेखन घातलं.
कावळा काळा. आभाळ निळं.
फोटोला फुलांची माळ घातली.
सतरा वह्यांत कावया काया,
सतरा वह्यांत आभाय.
मी समासात लाल ळ काढत गेले,
ळ, ळ, ळ,
एकामागे एक, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांसारखे.
प्रांजू तायडेनं लिहिलं होतं:
फोटोले फुलाची माय घातली.

तिच्या घरी भिंतीवर कुणाचा फोटो आहे, मला ठाऊक आहे.
त्याचा इथं संबंध नाही, असं मी ठरवलं,
आणि तरी पेनाचं टोपण लावलं.

हर्षलची वही शेवटची.
बिनरेघेची, पण माळ बरोबर.
काळा बरोबर. निळं बरोबर.
उभा करून वाचायला लावलं
तर असा गोल, भरीव ळ आला
की मागच्या बाकावरचा रितिक चघळायचा थांबला.
"कुठं शिकलास?"
"गुजरातीत असते ना."
"मग घरी डोळा म्हणता?"
"घरी तं डोयाच म्हनतो."
जरा थांबून, खरंच माहीत नसल्यासारखं:
"मराठीत ळ असते काय, मॅडम?"

मी काय सांगणार.
अकोल्याला डी.एड.च्या पहिल्या आठवड्यात
बाईंनी मला उभं करून तीनदा म्हणायला लावलं होतं,
डोळा. डोळा. डोळा.
वर्ग हसला, मग मीही हसले.
तेव्हापासून या एका अक्षरापाशी
जीभ आधी मागं वळून बघते, कुणी ऐकतंय का,
आणि भावाचा फोन आला की मी वर्गाबाहेर जाते,
तिकडे कडुनिंबाखाली उभी राहून म्हणते,
"मले काही समजून नाई राह्यलं, बापू."

मंगळवारी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली.
इकडे घरचं, तिकडे वहीचं.
पोरं ओरडून सांगू लागली,
इकडची बाजू भरून खाली फरशीवर आली.
शब्द कमी पडले ते तिकडे.
केंद्रप्रमुख दारात उभे होते, केव्हापासून कोण जाणे.
"चुकीचं फळ्यावर लिहू नये, मॅडम. डोळ्यात बसतं."
"डोयात," प्रांजू म्हणाली, हळूच,
त्यांना मदत म्हणून.

साहेबांनी रजिस्टरवर सही केली. शेरा लिहिला नाही.

आज हर्षलनं वही दिली.
रेघ दिलीय त्यानं, पट्टी लावून,
समासापासून पानाच्या काठापर्यंत एकच,
मधे कुठं न उचलता.
कावळा, आभाळ, माळ, कुठला शब्द कुठं संपतो कळत नाही,
सगळे एकाच टिनाखाली दाटीनं बसलेत.

लाल पेन टेबलावर आहे.
पान मी अजून तपासलेलं नाही.